दोन गुणांपुरतं बोला!

या खेपेला मानसशास्त्राचा पेपर मी झोपेतसुद्धा सोडवीन! असं मी ऑफिसात चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, छाती पुढे काढून जाहीर केलं होतं. आता पुढे काय झालं ते ऐका आणि मग काय हसायचं ते हसा. झोपेत सोडवण्याचा भाग तर तंतोतंत खरा ठरला.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागात बसतो. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते माझ्यासमोर येऊन ओरडतात आणि मी ऐकतो. निदान मी ऐकतोय असं त्यांना वाटतं. चेहराच तसा आहे, गरीब, सोशिक. मन मात्र कधीच उठून बाहेर फिरायला गेलेलं असतं. एकदा एक आजोबा माझ्यावर घसा बसेपर्यंत ओरडले आणि शेवटी मीच त्यांना प्रेमाने विचारलं, "हं, बोला, काय काम काढलंत?" तेव्हापासून ऑफिसात मला सगळे ढगोबा म्हणतात. साहेबसुद्धा!

तर एके दिवशी साहेबांनी सांगितलं, तक्रार विभाग बंद होणार. त्याऐवजी सगळ्यात वरच्या मजल्यावर 'नागरिक संवाद कक्ष' निघणार. त्यात एकच टेबल, तेही मोठ्या खिडकीपाशी. जो मानसशास्त्राची खात्याची परीक्षा पास होईल त्याला ते टेबल.

"आणि नापास झालो तर?" मी विचारलं.

"तळघरात जुन्या पाइपांचे नकाशे आहेत," साहेब म्हणाले. "त्यांना कुणीतरी सोबत हवीच आहे."

त्या वरच्या खिडकीतून काय दिसतं माहीत आहे? गावाबाहेरचा तलाव! अख्खा! मी एकदा फाइल द्यायला वर गेलो होतो. पाण्यावर ढग उतरले होते, एक पांढरा पक्षी अगदी सावकाश चालला होता, आणि मी फाइल छातीशी धरून इतका वेळ उभा राहिलो की शिपाई पाणी घेऊन धावत आला. आणि तळघरात काय, तर एक ट्यूबलाइट, ती सारखी डोळे मिचकावते, आणि खिडकीच्या नावाने चांगभलं. ती खिडकी मला हवी होती हो! आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

अडचण एकच. ही परीक्षा मी एकदा दिली होती आणि साफ आपटलो होतो. पहिलाच प्रश्न होता, 'दिवास्वप्न म्हणजे काय?' गुण दोन. मला काय उमाळा आला विचारू नका! मी ढगांपासून सुरुवात केली, बालपणात शिरलो, तिथून समुद्रावर गेलो, पुरवण्यांवर पुरवण्या मागितल्या. घंटा झाली तेव्हा मी पहिल्याच प्रश्नात होतो आणि नुकता कुठे रंगात आलो होतो.

आमची लेक कॉलेजात मानसशास्त्रच शिकते. तिने ही हकिगत ऐकून कपाळाला हात लावला.

"बाबा, दोन गुणांना किती लिहायचं?"

"मनात असेल तेवढं."

"दोन मुद्दे! दोनच! प्रश्नापुढचे गुण बघायचे, मग शेवटचा शब्द बघायचा. व्याख्या द्या म्हटलंय, फरक सांगा म्हटलंय की उदाहरण द्या म्हटलंय? जे मागितलंय तेच द्यायचं. नाव, अर्थ, उदाहरण. पूर्णविराम. पुढचा प्रश्न!"

"प्रस्तावना?"

"नाही."

"छोटीशी?"

"बाबा!"

"बरं, निदान शेवटी दोन शब्द समारोपाचे..."

लेक उठून पाणी प्यायला गेली. परत आली ती एक युक्ती घेऊनच. लक्षात राहत नसेल तर उत्तरं घरात ठेवा, म्हणाली. म्हणजे खरीखुरी नव्हे, मनातल्या मनात. घरातल्या एकेका वस्तूवर एकेक उत्तर ठेवून द्यायचं आणि परीक्षेत डोळे मिटून दारातून आत शिरायचं. वस्तू दिसली की उत्तर आपसूक हाती लागतं.

डोळे मिटून! वाचकहो, अभ्यास म्हणून डोळे मिटायला सांगणारं शास्त्र मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं! मी त्याच संध्याकाळी घर भरायला घेतलं. हॉलमधल्या जुन्या आरामखुर्चीत दमन ठेवलं. दमन म्हणजे नकोशी आठवण मनाच्या तळाशी दडपून टाकणं, आणि त्या खुर्चीची स्प्रिंगही गादीखाली अशीच दडपलेली होती. फ्रिजमध्ये विस्मरण ठेवलं, कारण तिथे ठेवलेलं काहीही मी विसरतो. कपड्यांच्या कपाटात विस्थापन. बाल्कनीत अर्थातच दिवास्वप्न. प्रक्षेपण, म्हणजे आपल्यातला दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकणं, तेवढं उरलं होतं. ते मी साखरेच्या डब्यात टाकलं.

"साखर कुठल्या डब्यात असते, सांगा बरं," बायको म्हणाली.

"निळ्या झाकणाच्या."

"त्यात मीठ असतं."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

माझी बायको औषधांच्या दुकानात असते, काउंटरवर. दिवसभर 'एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवणानंतर' असं बोलून बोलून तिची जीभ मोजकी झाली आहे. मी एका श्वासात जेवढं बोलतो तेवढं ती आठवड्यात बोलत नाही. मी पाठांतर करत तिच्यामागे स्वयंपाकघरात फिरायचो आणि ती ऐकायची. ऐकायची म्हणजे कापायची.

"विस्थापन म्हणजे," मी सुरू केलं, "मूळ व्यक्तीविषयीचा क्रोध त्या व्यक्तीसमोर व्यक्त करणे धोक्याचे असल्यास तो तुलनेने निरुपद्रवी अशा अन्य व्यक्तीकडे अथवा वस्तूकडे..."

"साहेबांवरचा राग पातेल्यावर काढायचा. तुम्ही रोज काढता. द्या ते पातेलं इकडे, पोचा पाडलात."

हळूहळू घराची भाषाच बदलली. "आई, विस्मरणातलं दूध नासलंय," असं लेक ओरडायची. "प्रक्षेपणाचं झाकण कुणी उघडं टाकलं? मुंग्या झाल्यात," असं आतून उत्तर यायचं. शेजारच्या काकू एकदा सहज आल्या आणि आरामखुर्चीत टेकणार, तेवढ्यात मी किंचाळलो, "तिथे नको, दमन आहे!" काकू जागच्या जागी उडाल्या आणि आल्या पावली परत गेल्या. त्यांना वाटलं, ढेकणाचीच कुठलीतरी नवी जात आली.

मी मात्र तरंगत होतो. मिनिटभर सवड मिळाली की डोळे मिटायचे, दार उघडायचं आणि आत शिरायचं. मनातलं घर खऱ्या घरापेक्षा शांत होतं. उन्हाचा पट्टा हॉलभर पसरलेला, पडदे आपले आपणच हलतायत, आणि प्रत्येक वस्तूवर एकेक उत्तर मांजरासारखं अंग मुडपून बसलंय. याच भरात मी ऑफिसात ती फुशारकी मारली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी आलो, तर बायको दारातच उभी.

"डोळे मिटा," म्हणाली.

तिने हाताला धरून मला आत नेलं. "उघडा."

उघडले, आणि घर ओळखूच येईना! हॉलमधलं कपाट आतल्या खोलीत गेलं होतं. फ्रिज कपाटाच्या जागी आला होता. डब्यांची फळी बदलली होती आणि सगळ्या डब्यांना एकाच रंगाची नवी झाकणं! बाल्कनीकडच्या खिडकीशी एक छोटं टेबल, त्यावर दिवा, धुतलेला टेबलक्लॉथ, टोक केलेल्या पेन्सिली.

"रजा घेतली होती," बायको म्हणाली. "तुमच्या अभ्यासाला. खिडकीशी आवडतं ना."

"आणि खुर्ची? आरामखुर्ची कुठे आहे?"

"भंगारवाल्याला दिली. तोही नको म्हणत होता."

माझं दमन भंगारात! विस्मरण विस्थापनाच्या जागी, विस्थापन झोपायच्या खोलीत, आणि प्रक्षेपण कुठल्या डब्यात गेलं ते देवालाच ठाऊक! ओरडावंसं वाटलं. पण तिच्या नाकाच्या शेंड्यावर धूळ बसली होती, केस विस्कटले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा जीव एवढुसा झाला. "फार छान झालंय," मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन ते पातेलं हळूच ओट्यावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलो. हॉलमध्ये पंखे सावकाश फिरत होते, उन्हात धुळीचे कण तरंगत होते, आणि करकर वाजणारे बूट घातलेल्या पर्यवेक्षक बाई टेबलखुर्च्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत होत्या. पेपर हातात आला. सगळे प्रश्न लघुत्तरी. पहिला प्रश्न, 'दमन म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण द्या.'

मी डोळे मिटले. दार उघडलं. पायपुसणं जागेवर होतं. आत आलो, तर आरामखुर्चीच्या जागी फरशीवर तिच्या पायांचे डाग तेवढे राहिलेले. आणि खालून रस्त्यावरून हातगाडीचा खडखडाट ऐकू आला!

गेलो की मी मागे! भंगारवाल्याची गाडी कोपऱ्यावरून वळत होती आणि माझी खुर्ची सगळ्या पत्र्यांवर ऐटीत बसून चालली होती. मी हाक मारली, पण स्वप्नातल्या हाकेला आवाज कुठला असायला? गाडी केशकर्तनालयावरून गेली, बायकोच्या दुकानावरून गेली, शाळेच्या भिंतीला लागून गेली. दुपार कशी पिवळीधमक पडली होती. घरं संपली, झाडं लागली, आणि एकदम समोर तलाव! भंगारवाल्याने खुर्ची उचलली, पाण्याच्या कडेला ठेवली आणि मला म्हणाला, "बसा." मी बसलो. स्प्रिंगसुद्धा टोचली नाही! पाण्यावरून ढग चालले होते, तो पांढरा पक्षी चालला होता, आणि कुणालाही कसलीच तक्रार नव्हती. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"काका! अहो काका!"

खांद्यावर हात. करकर वाजणारे बूट.

"बरं वाटत नाहीये का?" पर्यवेक्षक बाईंनी विचारलं.

"मी खुर्ची शोधतोय," मी म्हणालो.

"बसलाय की खुर्चीवर!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मी घड्याळ पाहिलं आणि तोंडचं पाणी पळालं. निम्म्याहून जास्त वेळ तलावात बुडाला होता आणि उत्तरपत्रिका कोरी करकरीत! डोळ्यांपुढे तळघर आलं. ती डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट माझ्याकडे बघून मिचकावत होती. मी घाबरलो, अगदी लहान मूल गर्दीत हरवतं तसा घाबरलो, आणि अशा वेळी माणूस जिथे पळतो तिथेच पळालो. डोळे मिटले आणि घर गाठलं.

दारात बायको उभी होती. हातात फडकं.

"कुठे होतात?"

"दमन आणायला गेलो होतो. आता शोधू कुठे? तू सगळं हलवलंस!"

"पाय पुसा. कशालाही हात लावू नका. काय हवं ते मला सांगा, मी देते."

आणि हॉलच्या मधोमध तिचा दुकानातला काउंटर उभा राहिला! ती पलीकडे, मी अलीकडे, जणू चिठ्ठी घेऊन औषधाला आलेला.

"दमन," मी म्हणालो.

"नको ते आठवायचंच नाही, मनात खाली दाबायचं. उदाहरण, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही काय केलंत ते तुम्हाला अजून आठवत नाही. पुढे?"

मी लिहीत सुटलो. एक डोळा कागदावर, एक घरात.

"प्रक्षेपण."

"आपला दोष दुसऱ्यावर ढकलायचा. चावी तुम्ही हरवता आणि विसराळू मला म्हणता. पुढे?"

"विस्थापन."

"सांगितलंय एकदा. साहेबांवरचा राग तुम्ही पातेल्यावर काढता. पोचा पाडलात."

"विस्मरण?"

"शिकलेलं वेळेला आठवत नाही ते. उदाहरण, तुमच्या छत्र्या."

उत्तरं कशी पुडीत बांधून मिळत होती! नाव, अर्थ, उदाहरण, पूर्णविराम. प्रस्तावना नाही, समारोप नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. शेवटचा प्रश्न आला तोच, माझा जुना वैरी, 'दिवास्वप्न म्हणजे काय? उदाहरण द्या.' गुण दोन.

"जे हातात नाही ते डोळे मिटून मिळवायचं," बायको म्हणाली आणि थांबली. खिडकीशी लावलेल्या त्या टेबलाकडे तिने एकदा बघितलं, मग माझ्याकडे. हसली, चक्क हसली. "उदाहरण, तुम्ही."

मी लिहिलं, पूर्णविराम दिला आणि घंटा झाली.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "सगळे प्रश्न तूच सोडवलेस."

"मी दुकानात होते," ती म्हणाली.

काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. "ढगोबा, परीक्षक स्वतः आलेत. तुम्हालाच विचारतायत. चेहरा काही बरा दिसत नाही त्यांचा."

साहेबांच्या केबिनमध्ये जाड चष्म्याचे एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. समोर माझी उत्तरपत्रिका. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आपली आधीची ओळख?"

"नाही साहेब."

"मग हे काय?" त्यांनी चष्मा सावरून वाचलं. "'चावी तुम्ही हरवता आणि विसराळू मला म्हणता.' कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी वाकून बघितलं. तुम्ही! तुम्ही! पानभर तुम्ही! बायको मला तुम्ही म्हणते. तिचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि आता प्रत्येक वाक्य थेट परीक्षकांच्या अंगावर धावून जात होतं!

"'साहेबांवरचा राग तुम्ही पातेल्यावर काढता. पोचा पाडलात.' आमच्या पातेल्याला पोचा आहे हे या ऑफिसात कसं कळलं? 'उदाहरण, तुमच्या छत्र्या.' माझ्या छत्र्यांचा इथे काय संबंध? आणि ही पहिली ओळ! 'पाय पुसा.' अहो, मी उठून खरंच पुसले!"

"साहेब, माझं ऐका..."

"थांबा! शेवटचं तर कहर आहे. मी पेपर तपासता तपासता जरा खिडकीबाहेर बघत बसलो होतो. छान वारा सुटला होता. मान वळवून वाचतो तर काय, 'दिवास्वप्न. उदाहरण, तुम्ही.' मी दचकून पाठीमागे पाहिलं, कुणी उभं आहे की काय म्हणून!"

खिडकी गेली, असं माझ्या मनाने घेतलंच. "साहेब," मी कसाबसा म्हणालो, "ते तुम्हाला नाही. ते मला आहे. ती माझी बायको बोलतेय."

परीक्षकांनी एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझीसुद्धा अगदी अशीच बोलते."

"हो?"

"शब्द न् शब्द." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सुस्कारा सोडला. "गुण कापायचा मी खूप प्रयत्न केला. जमेना. नाव आहे, अर्थ आहे, आणि उदाहरण... उदाहरण तर खोटं म्हणायची माझी छाती नाही."

मी पास झालो! नुसता पास नव्हे, लघुत्तरी प्रश्नांत पहिला! साहेबांनी पाठ थोपटली, लेकीने उडी मारली, आणि बायको म्हणाली, "बरं झालं." एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी चहात साखर दुप्पट होती. मीठ नव्हतं, मी खात्री करून घेतली.

पहिल्या दिवशी मी वरच्या मजल्यावर गेलो तो जवळजवळ नाचतच. खिडकी होती. तलाव होता. ढगसुद्धा वेळेवर आले होते. आणि माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून फरशीत पक्की ठोकलेली होती!

"साहेब, ही उलटी बसवलीय!"

"उलटी कशी? समोरच्याला निसर्ग दिसला की त्याचा राग उतरतो. तुम्हीच ना मानसशास्त्र शिकलेले?"

आणि खरंच उतरतो हो! लोक तणतणत येतात, माझ्यासमोर बसतात आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतात. हळूहळू कपाळावरच्या आठ्या जातात, डोळे मऊ होतात. "काय बरं सांगायला आलो होतो मी?" असं पुटपुटतात आणि हसून निघून जातात. तक्रारी एकदम घटल्या, म्हणून साहेब खूश आहेत. मी मात्र दिवसभर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत असतो. इतक्या जवळ तलाव, आणि मला त्याचा नुसता वारा लागतो मानेला.

हे सगळं दुःख मी बायकोला सांगितलं. चहा निवेपर्यंत सांगितलं, पुरवण्या जोडून सांगितलं. ती ऐकत होती. मग उठली, बाथरूममधला माझा दाढीचा आरसा काढून आणला आणि माझ्या हातात ठेवला.

"समोर टांगा."

काय डोकं आहे! दोन शब्दांत प्रश्न मिटला! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो, समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला, आरसा टांगला आणि पाठीमागचा तलाव, ढग, पांढरा पक्षी बघायला खुर्चीत येऊन बसलो. बसलो आणि मान वर केली.

आरशात तलाव नव्हता. ढग नव्हते, पक्षी नव्हता. काठोकाठ माझंच तोंड होतं, जरासं उघडं, आणि डोळे अर्धवट मिटलेले.

उदाहरण, तुम्ही!